परातीतले दहा बोल्ट

आमच्या स्वयंपाकघराच्या पाठीला जी खोली होती तिला आबा, माझे वडील, ‘कोत’ म्हणायचे. पलटणीत हत्यारं ठेवतात त्या खोलीला हेच नाव. मधल्या कुडाला अलीकडून बयची, म्हणजे माझ्या आईची, भांड्यांची मांडणी आणि पलीकडून रायफलींची लाकडी मांडणी, त्यामुळे बयने रागाने तवा आपटला की पलीकडे दहा रायफली हलकेच किणकिणायच्या. लढाईच्या दिवसांत कर्जत-खालापूर रस्त्यावर, कुंभिवलीच्या अलीकडे, सरकारने गवताचा डेपो उभा केला होता. आमच्या भागातलं गवत दाबून, त्याच्या गाठी बांधून, कुठल्या कुठल्या मुलखात लष्कराच्या खेचरांसाठी जायचं. सुक्या गवताला एक काडी पुरते, म्हणून दहा पहारेकरी, आणि त्यांच्यावर हवालदार म्हणून आबा. आबा आधीच्या लढाईत बसऱ्यापर्यंत जाऊन आलेले. डेपोच्या फाटकालगतच्या दोन खोल्या आणि कोत एवढं आमचं बिऱ्हाड. घराला वर्षभर गवताचा वास असायचा, भाकरीलासुद्धा. अजून कुठे वाळलेल्या गवताची गाडी बाजूने गेली की मला कुळथाच्या पिठल्याची भूक लागते, आणि पाठोपाठ ती मरतेही. ती का मरते, ते सांगण्यासाठीच हे प्रकरण लिहायला बसले आहे. मुलाबाळांनाही हे मी कधी सांगितलेलं नाही.

मी तेव्हा सोळा वर्षांची होते. कर्जतच्या शाळेत सातवीपर्यंत शिकून घरी बसलेली, स्थळं बघणं चाललेलं. मला नसती चौकशी फार. कुलूप दिसलं की आत काय असेल, घड्याळ दिसलं की मागचं झाकण निघतं का. बय म्हणायची, “हिला नवरा घड्याळजी बघा, न्हायतर हिचा संसार सुटे भाग करूनच ठेवील.” आबांच्या उजव्या हाताची बोटं सांध्यांनी आखडलेली होती. रायफलीचे बारीक स्क्रू त्यांना धरवत नसत. असं करत करत मी कोतात शिरले. कागदोपत्री तिथे मला पाऊल टाकायची मुभा नव्हती. आबांनी पहिल्या दिवशी रायफल माझ्या हातात दिली तेव्हा मला तिचं वजन आठवतं, अर्ध्या भरलेल्या कळशीएवढं, पण कळशीसारखं ते कडेवर विसावत नाही.

“घाबरतेस कशाला? रिकामी हाय,” आबा म्हणाले. “आनि रिकामी हाय असं कुनी सांगितलं तरी खरं मानायचं नाय. आपल्या डोळ्यानं बघायचं. माझ्यावर पन इस्वास ठेवायचा नाय.”

आता हसू येईल, पण मला ती वस्तू फार सुंदर वाटली. लढाई, मरण असलं काही मनात आलं नाही. लाकडाच्या दस्त्याच्या बुडाला पितळेची पट्टी, त्या पट्टीत एक इवलं दार, आणि दाराआड पोकळीत पितळेची तेलाची कुपी आणि दोरीची गुंडाळी. बायकांच्या फणीकरंड्याच्या पेटीत असतो तसा चोरकप्पा. त्या दोरीला आबा फुलतरू म्हणत. एका टोकाला पितळेचं वजन, दुसऱ्या टोकाला फास. फासात कापडाची चिंदी अडकवायची, वजन नळीत मागून सोडायचं, ते पुढच्या तोंडातून बाहेर आलं की एका दमात सरळ ओढायचं. दोरी नळीच्या काठाला घासता कामा नये, नाहीतर वर्षानुवर्षांत काठ झिजतो आणि गोळी वाकडी जाते. “दोरीनं लोखंड झिजतं?” मी विचारलं. आबांनी मला विहिरीवर नेलं आणि काठाच्या दगडात रहाटाआधीच्या काळात दोरांनी पडलेल्या खाचा दाखवल्या. तेव्हापासून मी दोरी सरळच ओढली.

नळी उजेडाकडे धरून मागून आत बघायचं. हे मी कितीही वेळ करू शकत असे. आतून नळी सरळ गुळगुळीत नसते. तिच्यात वळत वळत गेलेल्या चरी असतात, शिंपल्याच्या आतल्या बाजूसारख्या चमकणाऱ्या. त्या चरींनी गोळीला पीळ बसतो आणि भोवऱ्यासारखी गरगरत गेल्यामुळे ती कोलमडत नाही. दुसऱ्या टोकाला चवलीएवढं आभाळ दिसायचं. एकदा त्या आभाळात मला माथेरानच्या डोंगराचं टोक सापडलं आणि मी आबांना तीनदा दाखवलं. “डोंगर नगं बघू, गंज बघ,” ते म्हणाले. चांदमारी, म्हणजे नेमबाजीचा सराव, झाली की रायफलींना उकळतं पाणी लागायचं. बार काढल्यावर नळीत एक प्रकारचं मीठ राहतं, ते तेलाने निघत नाही, आणि रात्रीत गंज धरतो. हे ऐकून बय पहिल्यांदा कोताच्या दाराशी आली. सुकट, खारी मासळी यांत जिचा जन्म गेला तिला मिठाचं सगळं पटायचं. “पान्यानंच जानार ते, तेल लावून काय व्हतंय?” म्हणाली आणि भाताचं आधण उतरवून तो हंडा रायफलींसाठी चढवला. त्या दिवशी आम्ही उशिरा जेवलो. वालाचं बिरडं होतं आणि पहारेकऱ्यांनाही तिने ओट्यावर बसवून वाढलं.

रायफलीचं खरं मर्म बोल्टमध्ये. नळीच्या मागचं दार आणि त्या दाराची कडी, दोन्ही तोच. दांडी वर करून मागे ओढली की दार उघडतं, खालच्या पेटीतलं काडतूस वर येतं. पुढे ढकलली की काडतूस नळीत जातं आणि शेवटच्या ढकलीला आतली कमान ताणली जाते. दांडी खाली पाडली की कडी बसली. बोल्टच्या तोंडाशी एक नखी असते, ती काडतुसाचा काठ धरून ठेवते आणि बार झाल्यावर त्याची रिकामी पितळी टोपी बाहेर खेचून फेकते. दहा माणसं एकदम हे करू लागली की होणारा तो आवाज, खटक्-सर्र, सर्र-खटक्, मला इतका पाठ होता की चुलीपुढे बसून मी सांगत असे कुणाची दांडी अडते आहे. महादूदादाची कधी अडायची नाही. त्याची रायफल सगळ्यांत जुनी, लाकूड काळं पडलेलं, दस्त्याला तांब्याची तार गुंडाळलेली.

महादू घारे कुंभिवलीचा, तेविसाचा असेल, लग्नाला वर्ष झालेलं. दिसायला उंच, बोलायला आगाऊ. त्या रायफलीला तो म्हातारी म्हणायचा. सकाळी ती घ्यायला आला की स्वयंपाकघराच्या खिडकीतून हाक मारायचा, “अने, आमची म्हातारी उठली का गं? तोंड धुतलं का तिनं?”

“धुतलं. दात नाहीत, घासू काय?”

“दात हायत तिला. एकच हाय, पन लांबवर चावतो.”

बय चहाचा पेला खिडकीत ठेवून म्हणायची, “घरच्या म्हातारीला एवढं इचारत जा रं, आईनं निरोप धाडलाय तुझ्या.” आणि तो खाली मान घालून चहा प्यायचा.

दिवाळी झाली, गवताची कापणी भरात आली आणि आबांना हिवताप लागला. एक दिवसाआडचा, आज कुडकुडायचे, उद्या उठून कामाला. चांदमारीच्या आदल्या दिवशी महिन्याची पूर्ण सफाई असायची, सगळ्या रायफली खोलून. तो नेमका तापाचा दिवस होता. मी म्हटलं, मी करते. आबा गोधडीतून म्हणाले, “कर. पन एकेक कर. एक बंद केल्याबिगर दुसरी उघडायची नाय. काय सांगितलं?” मी म्हटलं, एकेक. हे मी इथे मुद्दाम लिहिते आहे. त्यांनी सांगितलं नव्हतं असं नाही.

मी एकेक केलं नाही. घरातली कुठली बाई दहा पेले एकेक करून घासते? मी दहाही बोल्ट काढले, बयची पितळी परात घेतली, त्यात रॉकेल ओतलं आणि सगळे एकदम भिजत घातले. मग नळ्यांतून चिंदी ओढली, तेलाचा हात दिला, पेट्या पुसल्या आणि परातीशी येऊन बसले. प्रत्येक बोल्टवर दांडीच्या मुळाशी बारीक आकडे ठोकलेले होते आणि तेच आकडे ज्याच्या त्याच्या रायफलीवर. ते मला दिसत होते. मला वाचता येत होतं. पण आमच्या मांडणीतल्या प्रत्येक भांड्यावरही नाव कोरलेलं होतं. अर्ध्या भांड्यांवर आमचं, बाकीच्यांवर कुणाकुणाचं, लग्नात आलेल्यांचं, शेजारच्या कारकुनांच्या घरी हळदीकुंकवाला गेलेल्या आणि बदलून आलेल्या तांब्यावर त्यांचं. नाव कशासाठी? तर वस्तू कुणाची ते कळावं, हरवली तर परत यावी. दुसऱ्याच्या नावाच्या वाटीत आमटी काही निराळी लागत नाही. आकडे म्हणजे सरकारने घातलेलं नाव, असंच मी धरून चालले. दुपार होत आली होती, भाकऱ्या थापायच्या होत्या. मी हाताला येईल तो बोल्ट उचलला आणि समोरच्या रायफलीत घातला. काही सहज बसले. काहींची दांडी शेवटी अडली, तेव्हा दुसरा घालून पाहिला. ज्या डब्याला जे झाकण लागेल ते. म्हातारीत एक इतका अलगद बसला की मला बरं वाटलं, म्हटलं, महादूदादा खूश होईल. आबांनी विचारलं, “झालं?” मी म्हटलं, झालं. “एकेक केलंस ना?” मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला तसे आबा घोंगडी पांघरून चांदमारीला गेले. डोंगराच्या पायथ्याला कोरड्या ओहळात निशाणं लावायचे. निघण्याआधी प्रत्येकाने आपापली नळी कोरड्या चिंदीने पुसायची. नळीत तेल ठेवून बार काढायचा नाही, हा नेम. मी खिडकीतून बघत होते. महादूदादाने दोनदा चिंदी ओढली, दुसरी चिंदी मला लांबून दाखवली, पांढरी शुभ्र, आणि म्हणाला, “बघ, म्हातारीचं नाक पुसलं.” मग ते गेले. आम्ही तांदूळ निवडत बसलो. बार सुरू झाले की बय मोजायची, तिला तेवढीच गंमत. डोंगरावरून प्रत्येक बाराचा पडसाद यायचा. मधेच एक आवाज वेगळा आला, आखूड, फाटल्यासारखा, आणि मग बार थांबले. बय म्हणाली, “मोजनी चुकली का काय माझी?”

महादूदादाला गवताच्या गाडीतून आणलं. तोंड काळं झालेलं आणि उजव्या डोळ्यावर फडकं धरलेलं. तो ओरडत नव्हता, बैल हळू हाका म्हणत होता. त्याच गाडीतून त्याला कर्जतला आणि तिथून पुढे मुंबईला नेलं. डोळा गेला, हे आठवड्याने कळलं.

बाकीचे सगळे गाडीबरोबर गेले. आबा एकटे रायफली घेऊन परत आले, दोन हेलपाट्यांत. कोतात बसले आणि म्हातारीचा बोल्ट काढून खिडकीशी नेला. खूप वेळ बघत राहिले. मग दुसऱ्या रायफलीचा काढला, तिसऱ्या. मी दारात उभी होते. ते वर न बघता म्हणाले, “परात आन.”

मी आणली. त्यांनी दहाही बोल्ट परातीत काढले, आकडे वाचून एकेक आपापल्या रायफलीत घातला आणि म्हातारीतून काढलेला काजळी धरलेला बोल्ट आत घालण्याआधी स्वतःच्या धोतराच्या सोग्याने पुसला. आखडलेल्या बोटांनी. मी मदतीला हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला केला नाही, नुसती धरायला परात दिली. आणि मग सांगू लागले. रागाने नाही; जसं नेहमी सांगायचे तसं. काडतुसाच्या बुडाला काठ असतो, तो नळीच्या मागच्या तोंडावर टेकतो, मागून बोल्ट त्याला दाबून धरतो. त्या दोघांत कागदाएवढी फट चालते, जाड पुठ्ठ्याएवढी नाही. फट जास्त असली तर बाराच्या जोराने पितळेची टोपी मागे ताणली जाते आणि बुडाशी तुटते. आगीला वाट मिळते ती मागे, नेम धरलेल्या माणसाच्या तोंडावर. म्हणून कारखान्यात प्रत्येक बोल्ट त्याच्याच रायफलीत घासून बसवतात आणि दोघांवर एक आकडा ठोकतात. “म्हातारीची नळी झिजलेली. तिच्यासाठी लांब तोंडाचा बोल्ट मुद्दाम लावलेला. तू आखूड घातलास.”

मला लिहायला जड जातं, पण लिहिते. त्या वेळीही, महादूदादाची गाडी कर्जतला पोचलीही नसेल तेव्हा, मी कान देऊन ऐकत होते. मला ते कळत होतं आणि कळल्याचं समाधान होत होतं. एवढंच नाही, मी एक प्रश्नही विचारला, की मग लांब तोंडाचा बोल्ट ज्या रायफलीत गेला तिचं काय? आबांनी तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. म्हणाले, “नव्या नळ्यांत तो बंदच झाला नसता. म्हनून तर तू बदललास. शेवटी जरा झिजलेल्या नळीत जाऊन घट्ट बसला, त्यानं फट पडत नाय.” मग परात माझ्या हातून घेतली आणि म्हणाले, “उद्या साहेब येनार. तू कोतात कधी येत नव्हतीस. बयला पन ठावं नाय.”

साहेब आले. रायफली तपासल्या, आकडे ताडले, सगळे बरोबर. मी पडद्याआडून चहा दिला. साहेबांनी कारण विचारलं आणि आबा ताठ उभे राहून म्हणाले, नळीत तेल राहिलं असावं, जवानाने नळी नीट पुसली नसावी. हे सांगितलं नसतं तर काय झालं असतं ते मला माहीत होतं. हवालदाराने सोळा वर्षांच्या पोरीच्या हाती हत्यारं दिली; नोकरी गेली असती, दोन खोल्या गेल्या असत्या, कदाचित खटलाही झाला असता. आणि मला कुणी सून म्हणून केली नसती. महिन्याभराने महादूदादा डोळ्यावर पट्टी बांधून आला तेव्हा त्याला विचारलं. तो म्हणाला, “पुसली व्हती वाटतं, साहेब.” साहेब म्हणाले, वाटतं म्हणजे? तो म्हणाला, “नसंल पुसली.” हयगयीचा शेरा मारून त्याला घरी पाठवलं. खिडकीपलीकडे मी होते. मी ती पांढरी चिंदी बघितली होती. पुढच्या वैशाखात माझं लग्न झालं.

आबा दर दिवाळीला पायलीभर तांदूळ आणि बयच्या करंज्या घेऊन महादूदादाकडे जात. डेपो मोडला, स्वराज्य आलं, आबा गावी शेती बघू लागले, तरी ते जाणं चुकलं नाही. गेल्या साली ते वारले. तेराव्यानंतर मी एकटी कुंभिवलीला उतरले. महादूदादाचं हमरस्त्याला चहाचं दुकान आहे. केस पांढरे, उजवी पापणी मिटलेली. त्याने मला आवाजावरून ओळखलं. फळीवर बसून मी सगळं सांगितलं. एकेक कर म्हटलं होतं, मी केलं नाही, परात, रॉकेल, आखूड बोल्ट. ट्रक जात होते, त्यामुळे काही वाक्यं दोनदा सांगावी लागली. ते फार अवघड गेलं.

तो बराच वेळ स्टोव्हला पंप मारत राहिला. मग आतल्या बाजूला तोंड करून बायकोला म्हणाला, “ऐकलंस का गं? पुसली व्हती मी.”

आतून बाई बाहेर आली. पदराला हात पुसत म्हणाली, “काय पुसली?”

“बंदूक. ती तवाची. तू म्हनतेस ना जल्मभर, ह्यांना कपबशी पुसता येत नाय तर बंदूक काय पुसनार. पुसली व्हती. दोनदा. ही बघत व्हती.”

बाई माझ्याकडे बघत राहिली. तिला काय वाटलं ते मला कळलं नाही. ती आत गेली. महादूदादाने माझ्यापुढे चहा ठेवला. शिवी दिली असती तर मला सोपं गेलं असतं. तो म्हणाला, “पोर व्हतीस तू.” मग डोक्यात काहीतरी जुळवत असल्यासारखा थांबला. “पन साहेबानं नंबर बघितले व्हते, अने. बरोबर व्हते. ते कुनी लावले?” आणि मी उत्तर द्यायच्या आत, हळूच, “हवालदारांना ठावं व्हतं?”

मी म्हटलं, नाही. मीच घाबरून परत लावले, आबांना शेवटपर्यंत कळलं नाही.

“मंग झालं,” तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा सैल झाला. “मी म्हनलं, तो मानूस असा नाय.” मग आबा कसे दर दिवाळीला येत, पोराच्या नोकरीसाठी कुणाकुणाच्या पाया पडले, हे तो मलाच सांगत बसला, आणि मी मान डोलावत राहिले.

मी तिथून घरी परतले त्याला वर्ष होत आलं. पोरगी होते म्हणून मी पहिल्यांदा गप्प राहिले असेन. त्या दिवशी तर मी पन्नाशी ओलांडलेली बाई होते. म्हणून हे कागद छापायला देण्याआधी कुंभिवलीला नेऊन मी त्याला वाचून दाखवणार आहे, ओळीने, ही शेवटची दोन वाक्यंही. आबांना माहीत होतं. पहिल्या दुपारपासून माहीत होतं, आणि दर दिवाळीला तुझ्या ओट्यावर बसून त्यांनी चहा घेतला, महादूदादा, तेव्हाही माहीत होतं.